मिटणाऱ्या चाकूवर किती विसंबायचं?



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी फोन करून विचारलं, सर, दुसऱ्याच कुणाचा विषय चुकून तुमच्या नावावर पडला का? नाही, चूक झालेली नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज तुमच्याशी चाकूबद्दल बोलणार आहे, आणि तेही फक्त मिटणाऱ्या, घडीच्या चाकूबद्दल. समोर टेबलावर पाच चाकू मांडून ठेवले आहेत. व्याख्यान संपल्यावर ज्यांना हाताळून बघायचे असतील त्यांनी जरूर पुढे यावं. एक नियम पाळा: उघडा चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. मिटवायचा, टेबलावर ठेवायचा, मग दुसऱ्याने उचलायचा.

या नियमाचं कारण हे बघा. (वक्ते उजवा हात वर करून दाखवतात.) ही तर्जनी इथपर्यंतच वाकते. पुढे वाकत नाही. निवृत्त होईपर्यंत खडू मी अंगठा आणि मधलं बोट यांच्यात धरून लिहीत होतो, आणि विद्यार्थ्यांना वाटायचं ही सरांची स्टाइल आहे. (हशा) ते कसं झालं ते पुढे सांगतो, कारण ते समजायला आधी लॉक कसं चालतं हे समजायला हवं.

दुसरं कारण माझी नात. कॉलेजात आहे, शनिवार-रविवार सह्याद्रीत भटकते. जूनच्या सुरुवातीला तिने विचारलं, "आबा, ट्रेकला न्यायला चाकू कोणता घेऊ?" मी ताडकन म्हणालो, "ओपिनेल, आठ नंबर." ती म्हणाली, "का?" आणि मी जी कारणं द्यायला लागलो ती सगळी माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची कारणं होती. ती काही न बोलता ऐकत होती. माझ्याच लक्षात आलं की हिने स्वतःसाठी विचारलं आणि मी उत्तर माझ्यासाठी दिलं. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

तर आधी मूळ अडचण बघू. तुमच्या घरातली सुरी किंवा विळी घ्या. पातं एका जागी पक्कं आहे. ते हलत नाही, म्हणून आपण त्याचा विचारच करत नाही. घडीच्या चाकूकडून मात्र आपण दोन उलट गोष्टी मागतो. खिशात असताना त्याने मिटलेलं असावं आणि हातात असताना तो कधी मिटतच नव्हता असं वागावं. प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या पहिल्या भागात सॉक्रेटिस छाटणीच्या कोयत्याचं उदाहरण देतो. द्राक्षवेलीची फांदी खंजिरानेही कापता येईल, पण छाटणीसाठीच केलेल्या हत्याराने ती सगळ्यात चांगली कापली जाईल, आणि तेच त्या हत्याराचं स्वतःचं काम. मी वर्गात हे उदाहरण कितीतरी वर्षं दिलं. घडीच्या चाकूला मात्र अशी दोन कामं आहेत, कापणं आणि खिशात सुखाने राहणं. त्याचं बहुतेक आयुष्य दुसऱ्या कामात जातं आणि विकत घेताना आपण फक्त पहिलं बघतो.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही काकडी कापता तेव्हा धार खाली असते आणि जोर खाली जातो. काकडी पात्याला वर ढकलते. म्हणजे पातं उघडण्याच्याच दिशेने रेटलं जातं. पण ते आधीच पूर्ण उघडलेलं आहे, आणखी उघडू शकत नाही, ते मुठीत टेकून बसतं. अशा वेळी लॉक काहीही काम करत नसतं. लॉक काढून टाकलं तरी काकडी तशीच कापली जाईल. लॉकची गरज लागते ती पात्याच्या पाठीवर जोर आला तर. टोक कशात तरी खुपसताना ते अडकलं, लाकडात रुतलेलं पातं हिसकून काढताना ते पिळलं गेलं, किंवा पाठीने काही ठोकलं, की पातं मिटायला बघतं. आणि मिटण्याच्या वाटेवर काय असतं? आपली बोटं.

त्यामुळे कुणी मला "सगळ्यात भक्कम लॉक कुठलं?" असं विचारलं की मी उलट विचारतो, तुम्ही चाकूने नेमकं करता काय?

आता एकेक करून बघू. सुरुवात लॉकच नसलेल्या चाकूपासून. जपानमध्ये ह्योगो प्रांतात मिकी नावाचं गाव आहे, लोखंडी हत्यारांसाठी प्रसिद्ध. तिथला हिगोनोकामी हा चाकू एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खीळ, एक पातं, आणि पात्याच्या मागे शेपटीसारखा बाहेर आलेला एक छोटा दांडा. चाकू उघडला की तो दांडा मुठीच्या पाठीवर येऊन टेकतो आणि तुम्ही त्यावर अंगठा दाबून धरता. झालं. तुमचा अंगठा हेच लॉक. अंगठा काढला की काही खरं नाही. जपानी शाळकरी मुलं पेन्सिलींना टोक काढायला हा वापरायची.

स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स हा त्याच्या एक पाऊल पुढे. कार्ल एल्सेनरने १८८४ साली श्विट्झ परगण्यातल्या इबाख इथे आपला कारखाना काढला, १८९१ साली स्विस लष्कराला सैनिकांचे चाकू पुरवायला लागला, आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. कल्पना साधी आणि फार हुशारीची होती. मुठीच्या पाठीत जी पट्टीची स्प्रिंग असते तिच्या एका अंगाला पातं टेकतं. एल्सेनरने तीच स्प्रिंग दुसऱ्या अंगानेही वापरली आणि मागच्या बाजूला बूच काढायचा स्क्रू बसवला. एका स्प्रिंगवर दोन्हीकडे हत्यारं आली, म्हणून जाडी वाढली नाही. आज आपण तो लाल चाकू बघतो आणि त्यात किती हत्यारं आहेत ते मोजत बसतो. बघायची गोष्ट वेगळी आहे: इतकी हत्यारं असून तो खिशात टोचत नाही.

त्याची स्प्रिंग पात्याच्या बुडावर दाबून बसते. पात्याचं बूड म्हणजे मुठीत खिळीभोवती फिरणारा मागचा जाड भाग. हा शब्द मी पुढे वापरणार आहे. स्प्रिंग पात्याला उघडं राहायला 'सांगते', पण बजावत नाही. पाठीवर जोर आला तर पातं मिटतं. वापरणाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो खुपसायच्या भानगडीत पडत नाही. कठडा नसलेल्या घाटात आपण गाडी कशी चालवतो, तसा तो वापरला जातो.

इथे एक मजेशीर कायदेशीर गोष्ट सांगतो. आपली बरीच मुलंबाळं आता इंग्लंडात असतात, त्यांच्या उपयोगाचीही आहे. तिथे तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सार्वजनिक जागी कारण न देता जवळ ठेवता येतो. पण तिथल्या न्यायालयाने ठरवलं की ज्याचं पातं उघडल्यावर लॉक होतं, तो या कायद्याच्या अर्थाने घडीचा चाकूच नाही. का? तर घडीचा चाकू केव्हाही, नुसता मिटवायला गेलं की मिटायला हवा. आधी कुठलीतरी कळ दाबावी लागत असेल तर उघडा असताना तो सुरीसारखाच. मला हा निकाल फार आवडतो. व्याख्या म्हणजे काय हे मी वर्गात समजावायचो तेव्हा हे उदाहरण माहीत असायला हवं होतं. बाकी आपल्याकडे काय, खटक्याचा चाकू म्हटलं की आपल्याला रामपुरी आठवतो, आणि रामपुरी म्हटलं की हिंदी सिनेमातला खलनायक. बिचाऱ्या खटक्याची ती बदनामी आहे. खटका मुळात आपलंच बोट वाचवण्यासाठी असतो.

आता माझा लाडका ओपिनेल. फ्रान्सच्या आल्प्समध्ये साव्वा प्रांत आहे. तिथे लोहाराच्या घरातला जोसेफ ओपिनेल याने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा चाकू केला. बीच लाकडाची मूठ, एक पातं. काही वर्षांत त्याने लहानापासून मोठ्यापर्यंत नंबर पाडले. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर असतं आणि अख्ख्या चाकूचं वजन पन्नास ग्रॅमसुद्धा भरत नाही. ही मूठ हातात घ्या. कुठे कड नाही, स्क्रू नाही, क्लिप नाही. गोल, पोटाशी जरा फुगीर, शेवटी निमुळती. आरामदायी मूठ कशी असावी हे मला शब्दांत सांगता येत नाही, पण ही हातात दिली की सांगायची गरज पडत नाही.

आरामाबद्दल एक सांगून ठेवतो. दुकानात चाकू हातात घेऊन "वा, छान बसतो" म्हणण्याला काही अर्थ नाही. दोन मिनिटं सगळेच चाकू छान बसतात. पंधरा मिनिटं एखादी काठी तासून बघा. मग कुठली कड तळव्यात रुतते, कुठला स्क्रू बोटाला लागतो, क्लिप कुठे काचते, सगळं कळतं. खिशाला अडकवायची ती पोलादी क्लिप खिशासाठी वरदान आहे आणि तळव्यासाठी शिक्षा. पातळ मूठ खिशात सुखाची, हातात दुःखाची. मी म्हटलं ना, दोन कामं. ती अशी एकमेकांच्या अंगावर येतात.

ओपिनेलला पहिली पासष्ट वर्षं लॉक नव्हतं. १९५५ साली मार्सेल ओपिनेलने ते बसवलं. त्याला व्हिरोब्लॉक म्हणतात. मुठीच्या तोंडाशी एक पोलादी कडं आहे, त्याला एक फट आहे. फट पात्याच्या समोर आली की पातं फिरतं. कडं जरा वळवलं की फट बाजूला सरकते आणि पात्याची वाट बंद. यात स्प्रिंग नाही, झिजून निसटेल अशी बारीक टोकं नाहीत. डोळ्यांनी दिसतं की बंद आहे की उघडं. खोट एवढीच की ते आपणहून लागत नाही. तुम्ही वळवलंत तरच लागतं. मी स्वतः दहापैकी सहा वेळा विसरतो.

आणि दुसरी खोट, जी मी नातीला सांगायला विसरलो. लाकूड पाणी पितं. पावसाळ्यात ही मूठ फुगते आणि पातं आतल्या आत असं घट्ट धरते की नखाने ओढून निघत नाही. त्यावर साव्वाच्या लोकांचा उपाय आहे: मुठीचं मागचं टोक टेबलावर किंवा दगडावर ठोकायचं, की पातं थोडं बाहेर डोकावतं. मीही ठोकतो. माझ्याकडचा चाकू साध्या कार्बन पोलादाचा आहे, स्टेनलेस नव्हे. कैरी कापून तसाच ठेवला तर संध्याकाळपर्यंत पातं काळं पडतं. घरात मला त्याचं काही वाटत नाही, लगेच पुसतो, तेलाचा हात फिरवतो. भर जुलैत, चिंब भिजलेल्या सॅकमध्ये, गार पडलेल्या बोटांनी? तिथे हे सगळं करायला कोण बसणार? शिवाय ती डावखुरी आहे. पातं उघडायला नख अडकवायची खाच असते ना, ती नेहमीच्या ओपिनेलवर उजव्या हाताच्या माणसाच्या सोयीच्या बाजूला असते. डावखुऱ्यांसाठी वेगळा करतात, पण तो मुद्दाम मागावा लागतो. नातीला लहानपणापासून डाव्या हाताने लिहिताना बघितलेला मी, आणि हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे अमेरिकेत जाऊ. बक कंपनीने १९६४ साली ११० नंबरचा चाकू आणला. दोन्ही टोकांना पितळ, मध्ये काळपट लाकूड. यातलं लॉक मुठीच्या पाठीत आहे. सी-सॉ आठवा. पाठीत एक लांब पट्टी आहे, मधोमध खिळीवर तोललेली. तिच्या पुढच्या टोकाला आकडा आहे, तो पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो. मागचं टोक दाबलं की पुढचं उचललं जातं आणि पातं सुटतं. लागतं आपोआप, 'खट्' आवाज करून. शिकाऱ्यांना हा चाकू इतका आवडला की मग जो तो असे चाकू करायला लागला. पण वजन बघा. जवळजवळ दोनशे ग्रॅम. ओपिनेलच्या आठ नंबरपेक्षा पातं फक्त एक सेंटिमीटर मोठं, आणि वजन चौपटीहून जास्त. तो खिशात घातला तर पँट सांभाळत चालावं लागतं, म्हणूनच तो कमरेच्या म्यानात ठेवायचा असतो. हातात मात्र हे वजन बरं वाटतं. मी ते नाकारत नाही.

पाठीतल्या लॉकची एक अडचण होती. मूठ जोरात आवळली की तळव्याचा मागचा भाग नकळत त्या पट्टीवर पडायचा. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही सगळ्यात जोरात धरता, त्याच क्षणी लॉक उघडण्याची शक्यता. डेव्हिड बॉय नावाच्या कारागिराने त्या जागी एक उथळ खळगा पाडला. आवळणारा तळवा खळग्यावरून जातो, आणि अंगठा मुद्दाम आत दाबला तरच लॉक सुटतं. बस, एवढंच. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेतला बदल. कोलोरॅडोतल्या स्पायडर्को कंपनीच्या चाकूंवर हा खळगा दिसतो. याच कंपनीने १९८१ साली पात्याला एक गोल भोक पाडलं आणि मुठीला क्लिप लावली. भोकात अंगठा घालून चाकू एका हाताने उघडता येतो, नख लागत नाही. माझ्या वयाची जी मंडळी समोर बसली आहेत, ज्यांच्या अंगठ्याचा सांधा सकाळी कुरकुरतो, त्यांना मी काय म्हणतोय ते कळलं असेल. भोक दोन्ही अंगांनी सारखंच. त्याला उजवं-डावं ठाऊक नाही.

आता माझ्या बोटाकडे येतो.

मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक लॉक नावारूपाला आणलं, त्याला लायनर लॉक म्हणतात. कल्पना त्याच्याही आधीची आहे. विजेची कामं करणाऱ्यांच्या चाकूत तशी पट्टी असायची. मुठीच्या आत, बाजूला, पोलादाची एक पातळ पट्टी असते. तिला आतल्या बाजूला वाक दिलेला असतो. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी सरकून पात्याच्या बुडामागे येऊन उभी राहते, दाराला आतून लावलेल्या अडसरासारखी. मिटवताना अंगठ्याने पट्टी बाजूला सारायची आणि पातं फिरवायचं. एका हाताने सगळं होतं. हलकं, स्वस्त, सोयीचं. म्हणून आज बाजारात जिकडे तिकडे हेच दिसतं.

२००१ सालची दिवाळी. आमच्याकडे आकाशकंदील मी घरी करायचो. त्यासाठी बांबूच्या कामट्या काढत होतो. हातात लायनर लॉकचा एक चाकू होता, परदेशातून कुणीतरी आणून दिलेला. नाव सांगणार नाही, आणि नाव महत्त्वाचंही नाही. बांबूत पातं रुतलं. मी ते डावी-उजवीकडे हलवून हिसकायला गेलो. पातं सुटलं ते मिटतच आलं, आणि या बोटावर बंद झालं. बोट वाकवणारी जी दोरी असते, स्नायूची, ती तुटली. शिवली, व्यायाम केला, पण पूर्वीसारखं झालं नाही. त्या वर्षी कंदील विकतचा लागला.

कितीतरी वर्षं मी म्हणत होतो, चाकूने दगा दिला. नंतर एकदा भिंग घेऊन बसलो. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक: पात्याच्या बुडाचा जो उतार पट्टीवर टेकतो, तो नीट घासलेला नव्हता. हा उतार काही अंशांचाच असतो. जास्त तिरपा झाला तर जोर आल्यावर पट्टी घसरते. कमी झाला तर ती अडकून बसते. माझ्या चाकूत ती बुडाच्या कडेला जेमतेम टेकत होती. दुसरी गोष्ट कबूल करायला जड गेली. मुठीला एक खोबण असते, अंगठ्याने पट्टी सारता यावी म्हणून. हिसकताना मी मूठ आवळली तेव्हा तर्जनीचं टोक त्याच खोबणीत गेलं असणार. बोटाच्या आतल्या अंगाला जिथे कापलं आहे, त्यावरून मला दुसरं काही संभवत नाही. म्हणजे लॉक मीच उघडलं आणि ज्या बोटाने उघडलं तेच कापून घेतलं.

मग दोष कुणाचा? माझ्या विषयातली माणसं यावर पुस्तकं लिहितील. मी एवढंच म्हणतो की ते पातं रुतलं तेव्हा बांबू दुसऱ्या हातात घेऊन तो ठोकायला हवा होता, किंवा सरळ कोयती आणायला हवी होती. लॉक नसता तर मी ते हिसकलंच नसतं. व्हिक्टोरिनॉक्सने बांबू फोडायचं माझ्या मनातही आलं नसतं. 'लॉक आहे' हे माहीत असल्यामुळे मी नको ते करायला गेलो.

या लॉकचाच एक दणकट भाऊ आहे. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ख्रिस रीव्हच्या सेबेंझा या चाकूमुळे तो गाजला. सेबेंझा हा झुलू भाषेतला शब्द, अर्थ 'काम'. यात वेगळी पातळ पट्टी नाही. मुठीची एक अख्खी बाजूच कापून तिला पट्टी केलेलं असतं. मूठ आवळली की हात त्या पट्टीला आणखी आत, लॉकच्या दिशेने दाबतो. माझ्या चाकूत आवळण्याने लॉक सुटलं, यात आवळण्याने ते पक्कं होतं. पण तो महाग आहे, चांगलाच महाग, आणि मिटवताना अंगठा पात्याच्या वाटेत न्यावाच लागतो. ते याही घराण्याचं दुखणं आहेच. डावखुऱ्याचा अंगठा तर उलट्या बाजूला येतो.

बोट पात्याच्या वाटेत न जाऊ देणारी लॉकं आहेत. १९९८ साली बेंचमेड कंपनीने ॲक्सिस लॉक आणलं. मुठीच्या आरपार एक आडवी पोलादी कांडी, दोन्ही बाजूंनी डोकावणारी. दोन बारीक स्प्रिंगा तिला पुढे रेटतात, ती पात्याच्या बुडावर जाऊन बसते. मिटवायला कांडी मागे ओढायची. दोन्ही हातांना सारखीच, आणि बोटं पात्यापासून लांब. आता पेटंटची मुदत संपल्यावर तशाच कांड्या इतर कंपन्यांच्या चाकूंतही दिसतात. वाईट काय? त्या स्प्रिंगा केसासारख्या बारीक असतात आणि कधी कधी तुटतात. एक तुटली तरी दुसरी काम चालवते, पण दुरुस्ती घरी होत नाही. ओपिनेलचं कडं मी घरी काढून साफ केलेलं आहे.

दर्जाबद्दल दोन शब्द, कारण लोक दर्जा म्हणजे पोलादाचं नाव समजतात. व्हिक्टोरिनॉक्सचं पातं रॉकवेल मापावर ५६च्या आसपास असतं, स्पायडर्कोच्या व्हीजी-१० पोलादाचं ६०च्या आसपास. आकडा मोठा म्हणून चांगलं असं नाही. कठीण पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण बोथट झाल्यावर धार लावताना घाम काढतं, आणि वेडंवाकडं वापरलं तर टवका उडतो. मऊ पोलाद लवकर बोथट होतं आणि साध्या दगडावर पाच मिनिटांत पुन्हा कापायला लागतं. मी दर्जा बघतो तो सांध्यात. चाकू उघडून पातं वर-खाली, मग आजूबाजूला हलवून बघा. खुळखुळता कामा नये. मिटल्यावर पातं दोन्ही भिंतींच्या मधोमध बसलंय का बघा. लॉक दर वेळी त्याच जागी लागतं का, की कधी अर्धं, कधी पूर्ण? काही लोक पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉकची परीक्षा घेतात. ते करू नका. अशाने चांगलं लॉकही खराब होतं, आणि एकदा टिकलं म्हणून पुढच्या वेळी टिकेल याची हमी मिळत नाही. ह्यूम शिकवताना मी हेच सांगायचो. (हशा)

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, घरात लहान मूल असेल तर त्याला पहिला चाकू कोणता द्यावा?

मी लॉक नसलेला देईन, लहान पात्याचा, आणि चांगली धार लावून देईन. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की तो घसरतो. आठवडाभर फक्त उघडायला आणि मिटवायला शिकवा, कापायला नंतर. मिटवताना बोटं मुठीच्या पाठीवर हवीत, पात्याच्या फटीवर नकोत, हे हाताला सवयीने कळेपर्यंत. आणि प्रवासात असाल तर तो चाकू विमानात केबिनच्या बॅगेत ठेवू नका; माझा एक छान चाकू असाच विमानतळावर सोडून यावा लागला आहे.

प्रश्न: नातीने शेवटी कोणता घेतला?

मी तिला म्हटलं, आधी मागच्या चार ट्रेकमध्ये काय काय कापलंस त्याची यादी कर. तिने केली. काकडी, कांदा, टोमॅटो, पाकिटं, दोरी, चिकटपट्टी, एकदा बुटाची नाडी, आणि एकदा मैत्रिणीच्या पायाला लावायची बँडेजपट्टी. खुपसणं एकदाही नाही, फांदी तोडणं एकदाही नाही. बँडेज कापताना चाकूने फार त्रास झाला असंही लिहिलं होतं. मी तिच्यापुढे दोन चाकू ठेवले. एक स्पायडर्कोचा डेलिका: पाठीत लॉक, तो खळगा, गोल भोक, क्लिप दोन्ही बाजूंना लावता येते, वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास, पावसाचं भय नाही. मनातून मला तोच द्यायचा होता. दुसरा व्हिक्टोरिनॉक्स, लॉक नसलेला, पण कात्रीवाला. तिने दोन्हींनी काकडी कापून बघितली, डाव्या हाताने. मग कात्री चारपाच वेळा उघडली-मिटवली आणि तो लाल चाकू सॅकच्या वरच्या कप्प्यात टाकला. डेलिका माझ्याकडे राहिला. तो तिकडे, डावीकडून दुसरा. या, बघा.